सुमेधाताईंची कोरडी सुई

चेहऱ्याच्या आधी मला त्यांचा अंगठा आठवतो. उजव्या हाताचा, रुंद, पेराशी किंचित मागे वळलेला, आणि स्पर्शाला इतका कोरडा की पहिल्यांदा तो मानेला लागला तेव्हा उन्हात वाळलेलं लाकूड कोणी टेकवलं असं वाटलं होतं. त्या अंगठ्यापाठोपाठ बाकीचं येतं : उकळत्या पाण्याची वाफ, स्पिरिटचा थंड, जिभेवर उतरणारा वास, जिनिंगच्या कारखान्याकडून उडत येऊन खिडकीच्या जाळीला चिकटलेला कापसाचा तुसा. चेहरा सर्वांत शेवटी येतो. त्यांच्या समोर बसलेल्या माणसाला तो दिसायचाच क्वचित. सुमेधाताई बागडे नेहमी माणसाच्या पाठीमागे उभ्या असत.

ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. फिजिओथेरपी हा शब्द पांढुर्ण्यात कोणाच्या जिभेवर बसलेला नव्हता. नागपूरला त्याचं रीतसर शिक्षण घेऊन त्या आल्या आणि स्टेशनच्या रस्त्यामागे एक लांबट खोली भाड्याने घेऊन राहिल्या. पुढच्या भागात दोन लाकडी बाकं, हिरव्या कापडाचा पडदा, भिंतीवर त्यांनी स्वतः रंगीत पेन्सिलीने काढलेली पाठीच्या स्नायूंची आकृती. मागच्या भागात चूल, पलंग आणि फळीवर बुद्धाची वीतभर मूर्ती. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, त्या बसने सौंसरला जात आणि तिथल्या एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत बसत. गावाने सुरुवातीला त्यांना डॉक्टरीणबाई म्हटलं. त्या प्रत्येक वेळी दुरुस्त करत, "मी डॉक्टर नाही." मग गावाने आपल्या सोयीचं नाव शोधलं : सुईवाली बाई.

मी तिथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत असे. फळ्यावर कविता लिहिता लिहिता माझ्या उजव्या दंडातून एक कळ निघू लागली होती. ती कोपराला वळसा घालून करंगळीपर्यंत जाई आणि तिथे मुंग्या होऊन बसे. गावातल्या डॉक्टरांनी लाल रंगाची दहा इंजेक्शनं दिली. दंड सुजला, कळ राहिली. म्हणून गेले.

"कुठं दुखते?"

मी दंड दाखवला. त्यांनी दंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. मागे गेल्या, डोळे मिटले असावेत, आणि तो अंगठा माझ्या खांद्याच्या फऱ्यावर हळूहळू चालू लागला. सतारीच्या तारांवरून आडवं बोट फिरवावं तसा. एक तार, दुसरी तार, आणि मग एका ठिकाणी तो थबकला. तिथे दाबताच माझी करंगळी झिणझिणली. मी दचकून मागे पाहिलं.

"दुखणं तुमच्या दंडात नाही मास्तरीणबाई. दंड बिचारा निरोप्या आहे."

त्यांनी वाफेतून एक बारीक सुई चिमट्याने उचलली. तिच्यामागे काचेची नळी नव्हती. औषध नव्हतं. नुसती सुई.

"यात काय भरलंय?"

"काही नाही."

"मग टोचता कशाला?"

"मांसात एक दोरी वळून बसली आहे. ती जागी आहे, झोपतच नाही. तिले नेमका टोचा दिला की ती दचकते. अन् दचकली की सोडते. बोलत राहा. आज कोणती कविता शिकवली?"

मी पहिली ओळ म्हणू लागले आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर माझ्या पाठीत काहीतरी फडफडलं. पाण्याबाहेर काढलेला मासा हातात एकदाच उसळावा, तसं. ते माझंच मांस होतं, पण मी त्याला हलवलं नव्हतं. मागून हलका आवाज आला, "सापडली." तेवढंच. त्या एका शब्दात असा आनंद होता की मला माझ्या दुखण्याचा क्षणभर अभिमान वाटला. संध्याकाळी पाठ ठणकत होती, आणि तिसऱ्या दिवशी मी फळ्याच्या वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात केली.

ही युक्ती त्यांना नागपूरच्या इस्पितळातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दिली होती. ते अशा गाठींमध्ये बधिर करायचं औषध टोचत. एकदा औषध संपलं, रांगेत माणसं उभी होती, आणि म्हाताऱ्याने रिकामी सुई टोचून पाहिली. बरी व्हायची ती माणसं तशीच बरी झाली. "ते मले म्हणाले, पोरी, औषध आपल्या समाधानासाठी होतं," सुमेधाताई सांगत. सांगताना सुईला धार लावायच्या काळ्या दगडावर त्यांचा हात चालत असे. सुया पुन्हा पुन्हा उकळून वापरायचे ते दिवस. रविवारी सकाळी त्या दगडावर थेंबभर तेल टाकून एकेक सुई घासत, आणि मग तिचं टोक कापसाच्या पेळूतून ओढून पाहत. एक जरी तंतू अडकला तरी सुई पुन्हा दगडावर. त्यांचे वडील मोहगावकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये कलमं बांधायला जात. चाकूच्या टोकाने सालीत चीर देऊन त्यात दुसऱ्या झाडाचा डोळा बसवायचा, आणि रोपट्याला इजा झाल्याचं कळू द्यायचं नाही, हे त्यांनी लहानपणी वडिलांच्या शेजारी उकिडवं बसून पाहिलेलं. आपल्या हाताचं कौतुक केलेलं त्यांना आवडत नसे. वडिलांच्या हाताचं केलं की त्या बराच वेळ बोलत.

पण रिकामी सुई गावाला पचली नाही. आमच्याकडे सुई म्हणजे औषध, आणि औषध म्हणजे रंग. लाल असेल तर ताकदीचं, पिवळं असेल तर तापाचं. सौंसरला एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. बाजाराचा दिवस, दुकानामागच्या खोलीत भाज्यांचा, घोंगड्यांचा आणि संत्र्यांच्या सालींचा वास एकत्र कोंडलेला. कमरेत वाकलेला एक म्हातारा शेतकरी आत आला आणि खिशातून कागदात गुंडाळलेली औषधाची काचेची कुपी काढून त्याने बाकावर ठेवली.

"बाई, तुमच्याकडे औषध नसते म्हणतात. मी समोरच्या दुकानातून आणलं. तुमी फक्त सुई लावा."

"हे कशाचं आहे?"

"लाल आहे नं!"

"दादा, मले हे नाही पाह्यजे."

"काहून? महागाचं आहे!"

"तुमची कंबर याच्यानं नाही सुटत."

"मग औषधाबिगर खाली सुई टोचून काय करून राहिल्या तुमी? हवा जाते अंगात. मानूस मरते."

त्यांनी नुसती सुई त्याच्या डोळ्यांसमोर नेली. हवा ढकलायला तिच्यामागे नळीच नाही, ते दाखवलं. म्हातारा बघत राहिला, पालथा झोपला, टोचून घेतलं, उठला, दोनदा वाकून पाहिलं, जमिनीला बोटं लागली. मग त्याने कुपी उचलून नीट कागदात गुंडाळली आणि जाताना दुकानदाराला सांगितलं, "बाई चांगली आहे, पण औषध देत नाही. कंजूस आहे."

दुकानदार हसत आत आला. "बाई, मी किती वेळा सांगून राहिलो. थोडं लाल पाणी भरत जा. कोणाचं काय जाते? रांग लागन तुमच्याकडे."

"अन् बरा झाला तर तो पाण्याले मानन," त्या म्हणाल्या.

"मानू द्या नं बाप्पा!"

"मग मी गेल्यावर तो कोणाकडूनही पाणी टोचून घेईन."

दुकानदाराने मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. जणू मी शिकलेली होते म्हणून मला काही सांगता येईल. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर संत्र्यांच्या बागा एकामागून एक सरकत होत्या. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "कंजूस म्हणाला तो मले." आणि खूप हसल्या. त्यांना इतकं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

त्यांच्या खोलीत एक दिवस असा यायचा की बाकं पुरत नसत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा. गोटमार. ज्यांची डोकी फुटत ते इस्पितळात जात. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवसभर दगड फेकून ज्यांचे खांदे भरून येत, ते सुमेधाताईंकडे. दोन्ही काठांचे. शर्ट काढून, एकमेकांकडे तिरकं बघत, भिंतीला टेकून उभे.

"सावरगाववाल्याले पह्यले काहून घेतलं?"

"तू उशिरा आला म्हणून."

"त्याचा खांदा फेकून फेकून दुखून राहिला बाई. लागला तर एकही नाही कोणाले!"

"तुले लागला असता तर तू इथं आला असता का बे?" सावरगावचा बाकावरून ओरडला.

"चूप राहा दोघंबी. इथं नदी नाही. पालथे व्हा."

आणि दोन काठ शेजारशेजारच्या बाकांवर पालथे पडत. सुई लागली की ज्याच्या तोंडून "ओय माय" निघे त्याला दुसरा हसे, आणि पुढच्याच मिनिटाला त्याची पाळी येई. त्या दिवशी खोलीत घामाचा, मोहरीच्या तेलाचा आणि गड्यांच्या हसण्याचा असा गलबला असे की रस्त्यावरची माणसं डोकावत. संध्याकाळी सगळे आपापल्या चादरी खांद्यावर टाकून निघून जात. खोली एकदम इतकी रिकामी होई की उकळत्या भांड्यातल्या सुयांचा किणकिणाट ऐकू येई.

चादरींचं सांगायचं राहिलं. दाराशी एक पाटी होती : रुग्णांनी चादर घरून आणावी. मी ती पहिल्या दिवशी वाचली आणि मनात म्हटलं, केवढी स्वच्छता. वर्ष-दीड वर्ष मी तसंच समजत होते. मग एका दुपारी शेतमजुरी करणारी एक म्हातारी आली. सुमेधाताईंच्याच नात्यागोत्यातली, मोहगावकडची. तिच्याकडे चादर नव्हती. तिने ओशाळून पदर पसरायला घेतला, तसा सुमेधाताईंनी तिचा हात धरला.

"माय, तुमाले कायले पाह्यजे चादर? ती पाटी तुमच्यासाठी नाही."

मी पडद्यापलीकडे पालथी पडले होते, घरून आणलेल्या निळ्या चादरीवर. मला तेव्हा कळलं. आमच्या गावात नाव विचारलं की लगेच दुसरा प्रश्न येतो : बागडे म्हणजे कोणते बागडे? त्याचं उत्तर मिळाल्यावर, पहिल्या महिन्यातच, काही घरांतली माणसं आपल्या चादरी घेऊन येऊ लागली आणि नजर चुकवत त्या बाकावर अंथरू लागली. तीन-चार जणांचं तसं झाल्यावर त्यांनी स्वतःच पाटी रंगवली. आता आणणाऱ्याला कारण सांगावं लागत नसे, आणि त्यांनाही ते ऐकावं लागत नसे. माझ्या आईनेही चादर नेली होती. कमरेसाठी ती आठवडाभर गेली, बरी झाली, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. मी ते पाहिलं होतं, आणि उन्हाळा आहे असं समजले होते.

अख्ख्या गावाच्या पाठी त्यांना पाठ होत्या. रस्त्यात एखाद्याला मागून पाहून त्या म्हणत, "याचा डावा खांदा पुन्हा वर गेला." पण समोरून येणारं माणूस नमस्कार करून पुढे जाई, थांबत कोणी नसे. फळीवर सहा कप होते, सहाही एकसारखे, निळ्या काठाचे. त्यांतला एकच वापरून कानाशी पिवळा पडला होता. माझ्या आधी तिथे कोणी चहा प्यायलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी प्यायले तेव्हा त्यांनी दुसरा कप तीनदा धुतला. घाईने नव्हे, अगदी हळू, वेळ लावून. पाहुण्याने आणखी थोडं बसावं म्हणून कामं लांबवावीत तसं.

त्या दिवशी चहा पिताना मला भिंतीवरचा डाग दिसला. मागच्या खोलीत, चुन्यावर, खांद्याच्या उंचीला, वाटीएवढा करडा, घासून गुळगुळीत झालेला.

"हे काय?"

त्या उठल्या, कोनाड्यातला एक जुना, टणक चेंडू काढला, भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरला आणि गुडघे वाकवत, सरळ करत त्यावर पाठ घासू लागल्या. जनावर झाडाला अंग घासतं तशा. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, काम होतं.

"उजव्या फऱ्याच्या आतल्या कडेला. दोन वर्षं झाली. दिवसभर वाकून दुसऱ्याच्या गाठी धरायच्या, त्याची गाठ कुठं बसन? इथंच बसन."

"सुई नाही लावत?"

"कोण लावन?" त्यांनी हात पाठीमागे नेऊन दाखवला. बोटं कण्याकडे गेली आणि त्या जागेच्या चार बोटं आधीच थांबली. "नागपूरले गेली की एक मैत्रीण लावून देत होती. आता तिची बदली झाली. चेंडूनं भागत नाही. परवा सौंसरले सुई धरली अन् अंगठा सुन्न झाला." मग चेंडू कोनाड्यात ठेवत, दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तशा म्हणाल्या, "हा खांदा गेला तर सगळंच बंद होईन, मास्तरीणबाई. माह्या जागी दुसरं कोणी नाही."

मी म्हटलं, मी करू?

ब्लाउजची मागची बटणं सोडायला त्यांनी हात मागे नेला आणि तो पोचेना. मी सोडली.

सुई त्यांनी मला कधी दिली नाही. "तिथं मागं फुप्फुस राहते. चूक झाली तर जीव जाईन. तुमचा अंगठाच पाह्यजे." गुरुवारी दुपारी त्यांची खोली बंद असे, आणि त्या एका दिवशी माझी शाळा सकाळची. दार लोटून त्या उलट्या खुर्चीवर बसत, कपाळ खुर्चीच्या पाठीवर टेकवत. त्यांची पाठ अरुंद होती, उजवीकडे किंचित जास्त भरलेली. त्वचेला साबणाचा आणि स्पिरिटचा वास येई. पहिले कितीतरी गुरुवार मला काही सापडलंच नाही.

"ते हाड आहे. आत या. नाही, घाई करून राहिल्या तुमी. कविता वाचता तशा वाचा नं. एक अक्षर सोडू नका."

आणि एके दिवशी, अंगठ्याखाली, वेताच्या काडीसारखं काहीतरी सरकलं. मी थांबले. त्यांचा श्वास थांबला.

"हं," त्या म्हणाल्या. "तीच. सोडू नका."

फऱ्याच्या आतल्या कडेपासून दोन बोटं, वरच्या कोपऱ्यापासून चार. आजही मी डोळे मिटून ती जागा दाखवू शकते. दाब धरून ठेवायचा असे, मनातल्या मनात शंभर म्हणेपर्यंत. ती काडी आधी विरोध करी, मग थरथरे, मग गुळासारखी मऊ होत जाई. एकदाच त्या, कपाळ खुर्चीला टेकलेलं असतानाच, म्हणाल्या, "आई गेल्यानंतर कोणी हात नव्हता लावला या पाठीले." मी अंगठा जिथे होता तिथेच ठेवला. पाच महिने असे गेले. सौंसरच्या फेऱ्या नियमित झाल्या, अंगठ्यात जीव आला, आणि त्या साली गोटमारीनंतर त्यांनी दिवसभरात सगळे खांदे एकटीने मोकळे केले.

आईला कोणी सांगितलं, माहीत नाही. लहान गावात बंद दारं मोजली जातात. मी गुरुवारी घरी येऊन पोळपाट घेतला, तशी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली.

"हात धुतले?"

"धुतले."

"आंघोळ कर. मग हात लाव."

"आई, तू पण जात होतीस तिच्याकडे."

"तिनं माह्या कमरेले हात लावला तो इलाज होता. तू तिच्या पाठीले हात लावून राहिली, ते काय आहे?"

"तोही इलाजच आहे."

"तिचे लोक नाहीत का करायले?"

आई दुष्ट नव्हती. हे वाक्य लिहिताना मला ते खरं वाटतं, आणि तरीही ते पुरेसं वाटत नाही. ती ओरडली नाही. फक्त माझ्या हातच्या पोळ्या तिने त्या रात्री खाल्ल्या नाहीत, पुढच्या गुरुवारी नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. मी भांडायला हवं होतं. मी दमले. एका गुरुवारी गेले नाही, मग दुसऱ्या. निरोप पाठवला नाही, कारण निरोपात काय लिहायचं ते सुचेना; मला, जिला शब्दांशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

महिन्याभराने त्या मला भाजीबाजारात भेटल्या. मी मनात सबबी जुळवत होते. त्यांनी माझ्याआधी बोलायला सुरुवात केली.

"पेपर तपासून राहिल्या असान नं? सहामाहीचे."

मी हो म्हटलं.

"आटपले की सांगा," त्या म्हणाल्या, आणि मेथीची जुडी डाव्या हाताने पिशवीत टाकली. उजवा हात त्यांनी पदराच्या टोकात गुंडाळून पोटाशी धरला होता. पेपर तेव्हा केव्हाच तपासून झाले होते. सहामाहीचा निकाल गावातल्या प्रत्येक घरात पोचलेला होता, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

नंतरचं मला इतरांकडून कळत गेलं. सौंसरची फेरी बंद झाली. कोणी म्हणालं, बाईचा हात हलतो. आमच्या शाळेचा शिपाई मानेसाठी गेला होता, त्याने सांगितलं, "बाईनं सुई उचलली, पाह्यलं, अन् परत भांड्यात टाकली. म्हणाली, आज नाही, उद्या या. मी उद्या गेलो तर म्हणाली, शेक घ्या, सुई आता नाही लावत मी." मी विचारलं, का? तो म्हणाला, "हात थरथरून राहिला नं तिचा. असा हात घेऊन दुसऱ्याच्या अंगात कायले जाऊ म्हणे." दुसरं कोणी असतं तर लाल पाणी भरून दिवस काढले असते. मी त्या आठवड्यात दोनदा स्टेशनच्या रस्त्यापर्यंत गेले. दोन्ही वेळा दार उघडं होतं. पुढच्या बाकावर कोणी नव्हतं, आणि त्या मागच्या भिंतीशी उभ्या असाव्यात, कारण चेंडू चुन्यावर घासल्याचा तो खरखरीत आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी आत गेले नाही.

फाल्गुनात शिपायानेच सांगितलं, बाई चालली. जबलपूरला अपंग मुलांच्या कुठल्याशा शाळेत जागा मिळाली आहे, तिथे नुसता व्यायाम सांगायचा असतो. दुपारची गाडी आहे. मी तास अर्धवट सोडून निघाले.

फलाटावर कापसाच्या गासड्या रचलेल्या होत्या, ऊन पत्र्यावरून टपटपत असल्यासारखं खाली पडत होतं. त्यांना निरोप द्यायला कोणीही आलं नव्हतं. ज्या गावाच्या पाठी त्यांना पाठ होत्या, त्यातली एकही तिथे नव्हती. इटारसीकडची गाडी लागलेली. बायकांच्या डब्यात खिडकीशी त्या बसल्या होत्या. लाकडी बाकाला पाठ टेकवलेली नव्हती.

"आल्या तुमी," त्या म्हणाल्या.

मी खिडकीच्या गजांना धरलं. त्यांनी माझ्या उजव्या खांद्याकडे पाहिलं.

"पुन्हा वर चढून राहिला. फळा थोडा खाली लावून घ्या. हात खांद्याच्या वर नेऊन लिहू नका. ऐकून राहिल्या का?"

"सुमेधाताई, मी..."

"शाळा सुटली का तुमची? ऊन आहे. जा आता."

शिट्टी झाली. त्यांनी पिशवी सरकवायला उजवा हात उचलला आणि तो अर्ध्यावर थांबला. ओठ आवळले गेले. शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर टोपली, कपाळावर मोठं गोंदण. कुठली कोण जाणे. तिने ते पाहिलं.

"पाठीत धरलं का वो बाई?"

"काही नाही, माय."

म्हातारीने ऐकलं नाही. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. टोपली खाली ठेवली आणि आपला काळा, भेगाळलेला तळवा सरळ सुमेधाताईंच्या पाठीवर ठेवून चोळायला लागली, घरातल्या पोरीला चोळावं तशी, जोर लावून, तोंडाने काहीबाही पुटपुटत. ती चुकीच्या जागी चोळत होती. मानेच्या मुळाशी, चांगली चार बोटं वर. बरोबर जागा त्या फलाटावर फक्त मला माहीत होती, आणि माझ्या हातांत खिडकीचे गज होते.

सुमेधाताईंनी सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. डोळे मिटले, मान खाली वाकवली आणि म्हातारीला पाठ अधिक मोकळी करून दिली.

गाडी हलली तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही.